क्रोशाचे दोन गुलाब: गुंडाळलेला आणि थरांचा

क्रोशाच्या गुलाबाचा फोटो समोरून काढलेला असला की तो कसा विणलाय हे पुष्कळदा कळत नाही. पाकळीमागे पाकळी आणि मधे गाभा, एवढंच दिसतं. करून बघावं म्हणून व्हिडिओ शोधले, तर एकात लांबलचक पट्टी विणणं चाललेलं असतं आणि दुसऱ्यात गोल गोल फिरणं, नाव मात्र दोन्हींचं 'सोपा गुलाब'. तयार फूल हातात असेल तर ते सरळ उलटं करावं. मागे दोऱ्याने शिवलेलं वेटोळं दिसलं तर तो गुंडाळलेला गुलाब. साखळ्यांच्या कमानी चक्रासारख्या फिरलेल्या दिसल्या तर तो थरांचा गुलाब. यालाच आयरिश गुलाब म्हणतात.

घरात उरलेल्या लोकरीची पिशवी असेल तर हा फरक कामाचा आहे. कारण कुठला गुलाब करायचा हे आवडीआधी पिशवीतल्या तुकड्यांची लांबी ठरवते.

पुढे तीन टाके लागतील. सुईवर वेढा न घेता घातलेला तो मुका खांब, एक वेढा घेऊन तिन्ही फासे एकदम काढले की अर्धा खांब, आणि दोन-दोन करून काढले की खांब.

गुंडाळलेल्या गुलाबाला साधारण चाळीस साखळ्या घाला. परत येताना दर तिसऱ्या साखळीत एक खांब, दोन साखळ्या आणि पुन्हा त्याच जागी एक खांब. अशी उलट्या त्रिकोणांची रांग तयार होते. काम उलटून त्या प्रत्येक दोन साखळ्यांच्या जागेत सहा-सात खांब घाला आणि दोन त्रिकोणांच्या मधे एक मुका खांब घेऊन पाकळी बसवा. पट्टी विणता विणताच वळायला लागते, कारण वरच्या काठाला टाके जास्त आणि खालची साखळी तेवढीच. पट्टी सपाट राहिली तर समजा खांब कमी पडले. सुरुवातीच्या तीन-चार पाकळ्या खांबांऐवजी अर्ध्या खांबांनी केल्या तर त्या बुटक्या राहतात. त्याच टोकाकडून सुरळीच्या वडीसारखं गुंडाळत आणलं की आत कळी आणि बाहेर उमललेल्या पाकळ्या दिसतात.

विणणं इथे संपतं आणि खरं काम सुईदोऱ्याचं उरतं. तळाची साखळीची कड सगळ्या वेढ्यांतून आरपार, उभी-आडवी शिवावी लागते. नुसती कडेकडेने शिवली तर चार दिवसांत गाभा वर निघून येतो. म्हणून शेवटी वीतभर तरी लोकर राखून ठेवा. चार पदरी लोकर आणि ३ मिमीच्या आसपासची सुई धरली तर अशा एका फुलाला सात-आठ मीटर लोकर लागते (हात सैल असेल तर जरा जास्तच) आणि ती सलग हवी. मधे गाठ आली तर नेमकी पाकळीच्या काठावर डोकावते.

थरांच्या गुलाबाचं गणित वेगळं. चार-पाच साखळ्यांचं कडं करा. त्यात सहा साखळ्या घाला. त्यांतल्या पहिल्या तीन खांबाच्या जागी धरायच्या. मग पाच वेळा एक खांब, तीन साखळ्या. पहिल्या सहांतल्या तिसऱ्या साखळीला जोडलं की सहा कमानी होतात. प्रत्येक कमानीत मुका खांब, अर्धा खांब, तीन खांब, अर्धा खांब, मुका खांब. पहिला थर झाला.

इथून पुढे बहुतेकजणी अडखळतात. दुसऱ्या थराच्या कमानी पाकळ्यांच्या वर नाही, मागे घ्यायच्या असतात. फूल पुढे वाकवून मागून सुई घालायची, पहिल्या फेरीतल्या खांबाच्या दांड्याला वेढून मुका खांब घ्यायचा, पाच साखळ्या घालून पुढच्या दांड्याकडे जायचं. या कमानींत तेच टाके, फक्त मधले खांब पाच. तिसऱ्या थराला सात साखळ्यांची कमान, मधे सात खांब. अशाने मोठी पाकळी लहान पाकळीच्या बरोबर मागे बसते. खऱ्या गुलाबासारखी दोन पाकळ्यांच्या फटीत यायला हवी असेल, तर कमान दांड्याला न अडकवता समोरच्या थराच्या पाकळीतल्या मधल्या खांबाच्या मागच्या बाजूला, तळाशी अडकवा. मला स्वतःला हेच रूप आवडतं. फूल भरलेलं दिसतं.

दर थराला रंग बदलता येतो, म्हणून लहान तुकड्यांना हाच गुलाब. आतल्या थराला तीन मीटरचा तुकडा पुरतो, पुढच्यांना थोडी थोडी जास्त लोकर लागते. त्रास एकच: प्रत्येक रंगाची दोन टोकं मागे लपवत बसायची.

याच्या नावातलं 'आयरिश' शोभेपुरतं नाही. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक रोगाने गेलं, दुष्काळ पडला, आणि जोगिणींच्या मठांतून, पाद्र्यांच्या घरांतून बायका-मुलींना क्रोशाची लेस शिकवून चार पैसे मिळवून देण्याची धडपड सुरू झाली. क्लोन्स या गावी १८४७ मध्ये तिथल्या रेक्टरची, म्हणजे चर्चच्या मुख्य पाद्र्याची, पत्नी कॅसँड्रा हँड हिने हे काम सुरू केलं आणि तिथली लेस गावाच्या नावाने ओळखली जाऊ लागली. त्या लेसमधला गुलाब बारीक सुती धाग्याचा, आणि टाके जाड दोरीवरून घातलेले, त्यामुळे उठाव यायचा. फुलं, पानं सुटी विणून मग जाळीने जोडत. आपल्या जाड लोकरीला ती दोरी लागत नाही.

कुठे लावायचं हे पाहिलं तर दोघांची अदलाबदल होत नाही. गुंडाळलेला गुलाब दीड-दोन सेंटिमीटर उंच उभा राहतो. केसांची क्लिप, ब्रोच, गौरीच्या मखराची कड, तारेवर बसवून फुलदाणीत ठेवायची फुलं, इथे तोच शोभतो. बाळाच्या टोपड्याला मात्र मागच्या बाजूला लावू नका, झोपल्यावर डोक्याखाली गोळा येतो. धुतल्यावर पाणीही धरून ठेवतो. पावसाळ्यात आतून वाळायला दोन दिवस घेतो आणि कुबट वास येतो. थरांचा गुलाब चापट बसतो. टोपी, स्वेटरचा खिसा, उशीचा अभ्रा यांवर तो लावा. शेवटच्या थरामागच्या कमानींतून आणखी साखळ्या घेत त्याचा चौकोन करता येतो आणि चौकोन जोडत तोरण किंवा चादर. गुंडाळलेल्याला ही सोय नाही.

दाराचं तोरण करायचं तर ॲक्रिलिकपेक्षा सुती धागा बरा, त्याला खळ देता येते आणि पाकळ्या ताठ राहतात. ॲक्रिलिकवर गरम इस्त्री ठेवली की ते कायमचं लुळं पडतं.

पान दोघांनाही एकच चालतं, आणि त्यातच पिशवीच्या तळाचे हिरवे तुकडे संपतात. दहा साखळ्या घाला, सुईपासून दुसऱ्या साखळीपासून मुका खांब, अर्धा खांब, पाच खांब, अर्धा खांब, मुका खांब. टोकाला दोन साखळ्या घेऊन साखळीच्या दुसऱ्या बाजूने तेच टाके घालत परत या. गुंडाळलेल्या गुलाबाखाली दोन-तीन पानं शिवली की शिवणीचं वेटोळंही झाकलं जातं.