यंत्र तिकडे पळतं, इकडे चालतं

पिठाची गिरणी चालते. घड्याळ चालतं. कोपऱ्यावरचं दुकान चालतं, आणि नाही चाललं तर बंद पडतं. सरकारही चालतं, कधी स्वतःच्या पायांवर, कधी चार मित्रपक्षांच्या कुबड्यांवर. ही सगळी मंडळी इंग्रजीत नेऊन सोडली की एकदम पळत सुटतात. गिरणी, घड्याळ, दुकान, देशाचा कारभार या सगळ्यांना तिकडे एकच क्रियापद पुरतं, ‘रन’. वस्तू त्याच, काम तेच, फक्त चाल वेगळी.

फ्रेंच लोक या बाबतीत आपल्या बाजूचे. यंत्र नीट सुरू झालं की ते ‘सा मार्श’ म्हणतात, म्हणजे शब्दशः ‘हे चालतं’. संध्याकाळी भेटायचं ठरलं तरी ‘सा मार्श’च, अगदी आपल्या ‘चालेल’सारखं. जर्मनांनी कुंपणावर बसायचं ठरवलेलं दिसतं. त्यांचं यंत्र ज्या ‘लाउफन’ क्रियापदावर चालतं, त्याचा अर्थ पळणंही होतो आणि चालणंही.

या ‘रन’चा पसारा किती असावा? ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी नावाच्या महाकोशात नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदवले आहेत. पीटर गिलिव्हर या कोशकाराने या एका नोंदीवर नऊ महिने काम केलं. त्याआधी कित्येक वर्षं ‘सेट’ हे क्रियापद मानकरी होतं. १९८९च्या वीस खंडी आवृत्तीत त्याचे सुमारे ४३० अर्थ होते आणि ती एक नोंद जवळपास ६० हजार शब्दांची होती. एका क्रियापदावर एक छोटी कादंबरी झाली म्हणायची. आकडे ऐकून दडपून जायचं मात्र कारण नाही. हा ऐतिहासिक कोश आहे. आज कुणाच्या तोंडी नसलेले, शेकडो वर्षांपूर्वी मेलेले अर्थही त्यात जपून ठेवलेले असतात.

या कोशाचा विचार लंडनमध्ये पुढे आला तो १८५७ साली. पहिला भाग १८८४मध्ये छापून झाला आणि पहिली आवृत्ती पुरी व्हायला १९२८ उजाडलं. मुख्य संपादक जेम्स मरे १९१५मध्येच गेले होते. ठिकठिकाणचे हौशी वाचक पुस्तकं वाचत, एखादा शब्द वेगळ्या अर्थाने आला की ते वाक्य चिठ्ठीवर उतरवून पाठवत, आणि अशा लाखो चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यांतून अर्थ वेगळे काढले जात. योगायोग असा की त्याच १८५७ साली मुंबईत मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती निघाली. मराठी क्रियापदं किती ठिकाणी हात घालतात हे पाहायचं असेल, तर आजही तो कोश काढून बसण्यासारखा दुसरा उद्योग नाही.

आता, ‘रन’ला इतके अर्थ फुटले कुठून? सहज सुचणारं उत्तर असं, की आधी पायांनी पळणं, मग बाकी सगळं रूपकाने. शाळेत असताना सर्दीचं इंग्रजी ऐकून आम्ही हसायचो. नाक पळतं म्हणे! पण हसण्यासारखं त्यात फारसं नाही. जुन्या इंग्रजीत हे क्रियापद पळण्याला वापरत तसंच वाहण्यालाही वापरत. त्याचं जर्मन भावंड ‘रिनन’ तर आजही फक्त वाहण्या-झिरपण्याचंच काम करतं. म्हणजे नाकाचा या क्रियापदावर पायांइतकाच जुना हक्क आहे.

आणि हे आपल्या घरातही घडलेलं आहे. संस्कृतात ‘सृ’ हा धातू जलद जाण्याचा आणि वाहण्याचाही. ‘सरिता’ म्हणजे नदी, ती याच धातूची लेक. त्याच धातूपासून मराठीत ‘सरणे’ आलं. ‘जरा पुढे सर’ यात नुसती हालचाल उरली आहे. पण ‘डब्यातलं तेल सरलं’, ‘सुट्टीचे दिवस सरले’ यांत काय झालं? हलणारं, वाहणारं काहीतरी वाहून संपलं. इंग्रजीत तेल संपलं की नेमकं हेच म्हणतात. ‘रन’ला ‘आउट’ची शेपटी लावतात, झालं, तेल सरलं. एकीकडे संस्कृतातून प्राकृतात आणि तिथून मराठीत उतरलेली वाट, दुसरीकडे उत्तर युरोपातली. एकमेकींना न विचारता दोघी पळण्यावरून वाहण्यावर आणि वाहण्यावरून संपण्यावर पोचल्या. मला यातली खरी नवलाची गोष्ट ही वाटते, ६४५चा आकडा नव्हे. अर्थ वाटेल तिथे उड्या मारत नाहीत. पाणी उताराने जावं तसे ते जवळच्या कल्पनेकडे ओघळतात, आणि माणसाच्या डोक्यातले उतार बरेचसे सारखे असावेत.

लॅटिनमध्येही तोच उतार दिसतो. तिथे पळण्याला ‘कुर्रेरे’ म्हणत. त्याच्यापासून फ्रेंचच्या वाटेने इंग्रजीत ‘करंट’ आला, नदीचा प्रवाह आणि विजेचाही. बँकेतलं करंट अकाउंट त्यातलंच, म्हणजे मुळात धावतं खातं. मराठीने ते घेतलं आणि सवयीप्रमाणे त्याला पायी चालवलं: चालू खातं, चालू वर्ष, चालू घडामोडी. ‘तो महा चालू आहे’ हे मात्र आपलं स्वतःचं, ते कुठल्या बँकेत शिकायला मिळत नाही.

क्रिकेटमध्ये आपणही पळालो. तिथे धावाच काढाव्या लागतात, मग त्यांचं धावतं समालोचन होतं. शिवणकामात धावदोरा असतो आणि नातेवाइकांकडे धावती भेट. निवडणुकीत तर तीन तऱ्हा. अमेरिकेतला उमेदवार पदासाठी ‘रन’ करतो, ब्रिटनमधला उमेदवार त्याच कामासाठी उभा राहतो. आपला उमेदवारही उभाच राहतो, पण नंतर निवडणूक ‘लढवतो’ आणि कधीकधी पडतो. उभं राहून पडण्याची ही सोय पळणाऱ्यांच्या भाषेत कुठली?

जॉर्ज किंग्सली झिफ या अमेरिकन अभ्यासकाने १९४५ साली शब्दांची वारंवारता आणि त्यांचे अर्थ यांचा हिशेब मांडला. त्याला आढळलं की शब्दाच्या अर्थांची संख्या साधारण त्याच्या वापराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. एखादा शब्द दुसऱ्यापेक्षा शंभर पट जास्त वापरात असेल, तर त्याचे अर्थ ढोबळमानाने दहा पट. झिफचं स्पष्टीकरण खास मुनीमजींचं आहे. बोलणाऱ्याला थोडक्या शब्दांत भागवायचं असतं, ऐकणाऱ्याला प्रत्येक गोष्टीला वेगळा शब्द हवा असतो, आणि भाषा ही या दोघांमधली तडजोड. नियम छान आहे, पण ‘रन’चं कोडं तेवढ्याने सुटत नाही, कारण वापराच्या यादीत ते इंग्रजी क्रियापदांत पहिल्या पाचांतसुद्धा येत नाही. त्याला हात दिला तो यंत्रयुगाने. गिरण्या आल्या, आगगाड्या आल्या, शेवटी संगणक आला. माणसाने सतत हात न लावता आपलं आपण होत राहणारं काहीही दिसलं की इंग्रजांनी हाच शब्द पुढे केला. आपल्याकडे ती जबाबदारी ‘चालणे’वर पडली.

एवढे अर्थ डोक्यात असताना ऐकणाऱ्याचा गोंधळ का उडत नाही? डेव्हिड स्विनी या मानसशास्त्रज्ञाने १९७९मध्ये याचा एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजीत ‘बग’ म्हणजे किडा, आणि चोरून ऐकण्यासाठी लपवलेलं यंत्रही. लोकांना कानावर वाक्य ऐकवलं जाई, त्यात झुरळं, कोळी यांचा उल्लेख, मग ‘बग’. म्हणजे अर्थ किडाच, शंका नको. त्याच क्षणी समोरच्या पडद्यावर एक शब्द झळके आणि तो खरा शब्द आहे की निरर्थक अक्षरं, ते झटकन सांगायचं. ‘मुंगी’ला जलद उत्तर मिळालं, ते अपेक्षितच होतं. पण ‘हेर’लाही तितकंच जलद मिळालं! संदर्भ इतका स्पष्ट असूनही मेंदूने क्षणभर दोन्ही अर्थ जागे केले होते. तीनच अक्षरं पुढे जाऊन तीच परीक्षा घेतली तर हेर गायब, फक्त मुंगी शिल्लक. आपल्या नकळत, पापणी लवायच्या आत, मेंदू सगळ्या अर्थांना हजेरीला बोलावतो आणि नको त्यांना घरी पाठवतो.

अर्थात ‘बग’ आणि ‘रन’ एका जातीचे नाहीत. ‘वर बघ’ याचा अर्थ मान उचलून पाहा असाही होतो आणि मुलीसाठी नवरामुलगा शोध असाही. हे दोन ‘वर’ एकमेकांचे कुणीच लागत नाहीत, नुसते एका आडनावाचे आहेत. ‘रन’चे अर्थ मात्र एका घराण्यातले. मानसशास्त्रज्ञ जेनिफर रॉड आणि सहकाऱ्यांनी २००२मध्ये दाखवलं की हा फरक मेंदूला चांगलाच कळतो. असंबद्ध अर्थ असलेले शब्द ओळखायला किंचित जास्त वेळ जातो, तर एकमेकांशी नातं असलेले पुष्कळ अर्थ असतील तर शब्द उलट लवकर ओळखला जातो. मोठ्या कुटुंबातला माणूस गावात पटकन ओळखला जातो, त्यातलाच प्रकार.

जुना अर्थ नव्या अर्थाखाली पुरता विझत नाही, याचाही पुरावा आहे. ‘हा रस्ता कुठे जातो?’ असं विचारलं की ‘कुठे जात नाही, इथेच असतो’ हा विनोद प्रत्येक गावात एक तरी काका करतो. इंग्रजीत रस्ता दरीतून ‘रन’ होतो. टीनी मॅटलॉक या संशोधिकेने एका प्रयोगात वाचकांना आधी प्रवासाची छोटी गोष्ट दिली, कुणाला भरधाव प्रवासाची, कुणाला रखडतरखडत केलेल्या. मग तेच रस्त्याचं वाक्य वाचायला दिलं. रखडलेला प्रवास वाचून आलेल्यांना ते वाक्य समजायला जास्त वेळ लागला. रस्ता जागचा हललेला नसतो, तरी वाचणारा मनातल्या मनात त्यावरून चालून येतो.

मागच्याच परिच्छेदात ‘वेळ लागला’ असं मी लिहून गेलो. आपला वीर हाच, ‘लागणे’. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, आग लागते, फोन लागतो, बारावीचा निकाल लागतो. विहिरीला पाणी लागतं. गवयाचा सूर लागतो आणि ऐकता ऐकता पाठीमागच्या काकांचा डोळा लागतो. लग्न लागतं, कधी वाट लागते. लोणचं खारट लागतं. ती माझी मावशी लागते. मूल बोलायला लागतं आणि मग आपल्याला गप्प बसावं लागतं. या शेवटच्या दोन ठिकाणी तर क्रियापदाने स्वतःचा अर्थ जवळजवळ टाकूनच दिला. एकीकडे ते ‘सुरू होणं’ सांगतं, दुसरीकडे ‘नाइलाज’. तळाशी मात्र ‘चिकटणं, स्पर्श होणं’ हा धागा हाताला लागतोच. पाहा, पुन्हा आलं.

हे अर्थ खरंच वेगळे की एकाच अर्थाच्या छटा, हे ओळखायची भाषाशास्त्रात एक गमतीदार कसोटी आहे. दोन अर्थ एकाच क्रियापदाच्या जोखडाला जुंपायचे. ‘बंड्याने मार आणि भजी खाल्ली.’ ‘त्याला भूक आणि नोकरी एकाच दिवशी लागली.’ हसू आलं तर अर्थ वेगळे. ‘पोळी आणि भात खाल्ला’ म्हणताना कुणी हसत नाही. पण काही वाक्यांवर अर्धी सभा हसते, अर्धी नाही, आणि कोशकारांची भांडणं तिथेच सुरू होतात. प्रिन्स्टन विद्यापीठात १९८५पासून उभ्या राहिलेल्या ‘वर्डनेट’ या शब्दजाळ्यात ‘रन’ क्रियापदाचे अर्थ ४१च मोजले आहेत. शब्द तोच, एका ठिकाणी ६४५, दुसऱ्या ठिकाणी ४१. कुणीही चूक नाही. एकाने डाळीतले खडेही मोजले, दुसऱ्याने वाट्या.

यंत्राला भाषांतर शिकवायला निघालेल्यांचे हाल इथेच झाले. येहोशुआ बार-हिलेल या तत्त्वज्ञांनी १९६०मध्ये एक साधं वाक्य पुढे टाकलं: ‘पेटी पेनमध्ये होती.’ इंग्रजीत पेन म्हणजे लेखणी आणि लहान मुलांना खेळायला घातलेलं कुंपणही. खेळण्यांची पेटी लेखणीत मावत नाही हे पोराला कळतं, यंत्राला कोण सांगणार, असा त्यांचा सवाल होता. पवईच्या आयआयटी मुंबईत हिंदीबरोबर मराठीचंही वर्डनेट तयार झालं, ते अशाच अर्थांची हाताने केलेली वर्गवारी. पुढे वाट बदलली, यंत्र ढीगभर मजकूर वाचून शब्द स्वतःच शिकू लागलं. २०१३च्या ‘वर्डटूव्हेक’ पद्धतीत प्रत्येक शब्दाला आकड्यांची एकच ओळ मिळे, त्यामुळे लागलेली भूक आणि लागलेली नोकरी तिथे एकाच खुर्चीत बसत. २०१८च्या ‘बर्ट’सारख्या संगणकी भाषा-प्रारूपांत शब्दाची ओळ शेजारचे शब्द पाहून दरवेळी नव्याने ठरू लागली. स्विनीच्या प्रयोगातला मेंदूही शेजार पाहूनच तर हेराला घरी पाठवत होता.

शेजारच नसेल तर मात्र विचारावंच लागतं. आईला फोन करून नुसतं ‘मला लागलं’ एवढंच म्हणून बघा. ती विचारेल, ‘कुठे?’ गुडघा म्हणालात तर हळद लावायला सांगेल, आणि काहीच बोलला नाहीत तर विचारेल, ‘कोण काय बोललं?’