आधी घर, मग शिक्षा: संरक्षण आदेशाची पार्श्वभूमी

नवऱ्याला तुरुंगात पाठवायचे नाही, पण मारहाण थांबली पाहिजे आणि मुलांसह याच घरात राहता आले पाहिजे, अशी मागणी करणाऱ्या स्त्रीला २००६ पर्यंत भारतीय कायद्यात नेमके उत्तर नव्हते; ते कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणाऱ्या कायद्याने दिले. हुंडाबळींविरुद्धच्या आंदोलनांच्या रेट्यामुळे १९८३ साली दंड संहितेत कलम ४९८-अ आले आणि सासरचा छळ स्वतंत्र गुन्हा ठरला; मात्र त्याचा भर शिक्षेवर होता, आणि फिर्याद देऊन परतलेल्या स्त्रीला सासरचे दार उघडे मिळेल याची हमी त्यात नव्हती. मुंबईत १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने पोलीस आयुक्तालयातच महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, तो कायद्यातील हीच उणीव समाजकार्याने भरून काढण्याचा प्रयत्न होता. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खालील पोटगीवर तर २००१ पर्यंत दरमहा ५०० रुपयांची मर्यादा होती.

स्वतंत्र दिवाणी कायद्याचा मसुदा लॉयर्स कलेक्टिव्ह या वकिलांच्या संस्थेने महिला संघटनांशी चर्चा करून तयार केला होता. सरकारने २००२ मध्ये लोकसभेत मांडलेले विधेयक मात्र वेगळेच निघाले: त्यात ‘सवयीने’ होणारी मारहाणच हिंसा ठरत होती आणि स्वसंरक्षणाच्या नावाखाली पुरुषाला पळवाट ठेवली होती. पहिला फटका हिंसा नाही, असाच त्याचा अर्थ होता, म्हणून संघटनांनी त्याला केलेला विरोध मला सर्वस्वी योग्य वाटतो. २००४ मध्ये लोकसभा विसर्जित झाल्याने ते विधेयक बारगळले, आणि नव्याने मांडलेला कायदा २००५ मध्ये संमत होऊन २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला.

या कायद्याच्या कलम १८ खाली न्यायदंडाधिकारी संरक्षण आदेश देतो. मारहाण करू नये, तिच्या कामाच्या ठिकाणी जाऊ नये, तिच्याशी संपर्क साधू नये, तिचे स्त्रीधन विकू नये, असे त्याचे स्वरूप असते. गरज असेल तर विरुद्ध पक्षाला ऐकण्याआधीही अंतरिम आदेश काढता येतो. मागणी दिवाणी असली तरी आदेश मोडणे हा दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा असून त्यास एक वर्षापर्यंत कैद, २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. जुन्या मनाई हुकमात नसलेली धार इथे आली.

वाद पेटला तो कायद्याने स्त्रीला दिलेल्या, सामायिक घरात (म्हणजे ती नांदते त्या घरात) राहण्याच्या हक्कावरून. कायदा लागू होऊन दोन महिनेही झाले नव्हते तेव्हा, डिसेंबर २००६ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने बत्रा खटल्यात सासूच्या मालकीच्या घरात सुनेला राहण्याचा हक्क नाकारला. एकत्र कुटुंबात घर बहुधा सासू-सासऱ्यांच्याच नावावर असते, त्यामुळे असंख्य स्त्रियांचा निवासाचा हक्क कागदावरच राहिला. मुंबईतून गेलेल्या हरसोरा खटल्यात २०१६ साली प्रतिवादी ‘सज्ञान पुरुष’च असावा ही अट रद्द झाली आणि सासू-नणंदांविरुद्धही थेट दाद मागण्याचा मार्ग खुला झाला. बत्रा निकाल मात्र १५ ऑक्टोबर २०२० पर्यंत टिकला. त्या दिवशी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो चुकीचा ठरवला, आणि सासरच्या नातेवाइकाच्या मालकीचे घरही, सून तिथे खरोखर नांदली असेल तर, तिच्यासाठी सामायिक घर ठरू शकते असे सांगतानाच, वृद्ध सासू-सासऱ्यांच्या शांततेचा विचार करून हा हक्क तोलला जाईल, असेही नमूद केले.