थीम बदलली म्हणून मजकूर उडत नाही

'वेबसाइटची थीम बदलू नका, सगळा मजकूर उडेल' हा निरोप गोव्यातल्या होमस्टेवाल्यांच्या ग्रुपांवर फिरत असतो. भीती समजण्यासारखी आहे. थीम बदलताच पान ओळखूच येत नाही. पण वर्डप्रेसमध्ये, म्हणजे वेबसाइट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, खोल्यांची माहिती, दर, लेख डेटाबेसमध्ये, म्हणजे माहितीच्या साठ्यात राहतात. थीमचं फोल्डर वेगळं असतं आणि ती फक्त मांडणी, रंग, अक्षरांचं वळण ठरवते. मेनू, विजेट (पानाच्या कडेचे छोटे ठोकळे) मात्र कधीकधी पुन्हा लावावे लागतात. कोणी थेट थीमच्या फाइलमध्येच दर लिहिले असतील, तर ते नव्या थीममध्ये दिसणार नाहीत. खरी अडचण ही, म्हणून ती आधी तपासा.

खात्रीसाठी वर्डप्रेसच्या 'टूल्स'मधून 'एक्सपोर्ट' करा. उतरलेली फाइल नोटपॅडमध्ये उघडा. म्हापसा बाजारापासूनचं अंतर, न्याहारीची वेळ, सगळं तिथे साध्या अक्षरांत सापडेल. मग नवी थीम 'लाइव्ह प्रिव्ह्यू'मध्ये पाहा. ती सुरू करेपर्यंत पाहुण्यांना जुनीच दिसते.