एक्स११ आणि वेलँड : माऊसची सेटिंग कोणाच्या ताब्यात असते?

लिनक्सवर माऊसचा वेग बदलणारी एखादी आज्ञा एका संगणकावर चालते आणि शेजारच्यावर तिचा काहीच परिणाम होत नाही, तेव्हा दोष बहुधा माऊसचा नसून सत्राचा, म्हणजे लॉगिननंतर पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या आणि माऊसचे संकेत प्रोग्रॅमपर्यंत पोहोचवणाऱ्या व्यवस्थेचा असतो. एकावर १९८७ पासूनची एक्स११ असते, दुसऱ्यावर २००८ मध्ये सुरू झालेली वेलँड. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात आणि माऊसचे संकेत वाचणारी लिबइनपुट ही लायब्ररीही आता बहुतेक ठिकाणी दोहोंत तीच असते, त्यामुळे गोंधळ वाढतो. म्हणून आधी टर्मिनलमध्ये ‘एक्सडीजी सेशन टाइप’ (XDG_SESSION_TYPE) या चलाची किंमत पाहावी; सत्र दोहोंपैकी कोणते ते तीत दिसते.

एक्स११ मध्ये प्रत्येक माऊसचे गुणधर्म एक्स सर्व्हर या मध्यवर्ती प्रोग्रॅमकडे असतात आणि एक्सइनपुट (xinput) या आज्ञेसारखा कोणताही प्रोग्रॅम ते बदलू शकतो. लिबइनपुटचा वेग उणे १ ते १ या मर्यादेत ठरतो. वेग बदलण्याच्या जुन्या एक्ससेट (xset) आज्ञेला मात्र लिबइनपुट दाद देत नाही. एक्सइनपुटने केलेला बदल टिकाऊ नसतो. मालवणच्या एखाद्या शाळेत डावखुऱ्या विद्यार्थ्यासाठी बटणांची अदलाबदल करून ठेवली आणि पावसाळ्यात वीज जाऊन संगणक पुन्हा सुरू झाला, की ती पुसली जाते. माऊसची वायर काढून परत लावली तरी तेच होते. कायमच्या बदलासाठी झॉर्गच्या (Xorg, म्हणजे नेहमीच्या एक्स सर्व्हरच्या) कॉन्फिगरेशन फोल्डरात स्वतंत्र फाइल ठेवावी लागते, आणि तरीही ग्नोमसारखा डेस्कटॉप लॉगिनच्या वेळी आपली सेटिंग तिच्यावर लादतो, ही गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही.

वेलँडमध्ये लिबइनपुटशी फक्त कंपोझिटर, म्हणजे पडदा रंगवणारा डेस्कटॉपचाच प्रोग्रॅम, बोलतो. तेथे एक्सइनपुटला खऱ्या माऊसऐवजी ‘एक्सवेलँड पॉइंटर’ असे नाव दिसते आणि झॉर्गची फाइल कोणी वाचतच नाही. बदल डेस्कटॉपच्या सेटिंग्जमधूनच करावा. तो वीज गेल्यावरही टिकतो. ग्नोम तो सगळ्या माऊसना सरसकट लावतो, तर केडीई प्लाझ्मा हा दुसरा डेस्कटॉप प्रत्येक उपकरणासाठी वेगळा ठेवतो, म्हणून एकाच संगणकाला दोन माऊस जोडायचे असतील तर प्लाझ्मा अधिक सोयीचा.

एका दाबात दोनदा क्लिक होत असेल, तर सेटिंग चाळण्यापूर्वी इव्हटेस्ट (evtest) हा चाचणीचा प्रोग्रॅम चालवावा. तो थेट कर्नलकडून वाचतो, सत्र कोणतेही असो. तेथेच एका दाबात बटण दोनदा दाबल्याची नोंद उमटली, तर बटणाचा स्विच खराब झाला आहे आणि माऊस बदलावा हे बरे.