कपाट करायला निघालात? आधी करवतीचे दात बघा

बेळगावच्या सीमाभागात थंडी पडली की ग्रामीण साहित्य संमेलनांचा हंगाम सुरू होतो. कडोली, उचगाव, येळ्ळूर... ग्रंथदिंडी होते, परिसंवाद होतात आणि परतताना हातात पिशवीभर पुस्तकं असतातच. मग घरात जागेवरून कुरबूर सुरू होते. कुणीतरी जाहीर करतं, यंदा पुस्तकांचं कपाट घरीच करायचं! नेमकी त्याच संध्याकाळी मोबाइलवर जाहिरात झळकते: १०१ नगांचा टूलकिट, घरबसल्या सुतारकाम. त्यातले निम्म्याहून जास्त नग म्हणजे स्क्रू ड्रायव्हरची टोकं आणि पान्याचे सॉकेट. दुचाकी खोलायला बरा आहे. फळीवर चालेल असं त्यात शोधूनच काढावं लागतं.

असा किट घ्यावा का, असं मला दरवर्षी कुणी ना कुणी विचारतं. माझं उत्तर ठरलेलं आहे: आधी लाकूड आतून कसं असतं ते समजून घ्या, हत्यारांची यादी आपोआप तयार होईल. आणि ती यादी भलतीच छोटी असेल.

शाळेत आपण जलवाहिन्या शिकलो. खोडातलं लाकूड म्हणजे मुळांकडून वर पाणी नेणाऱ्या आणि झाडाला उभं धरणाऱ्या पेशींचा गठ्ठा. बहुतेक पेशी लांबुडक्या, पोकळ आणि खोडाच्याच दिशेने उभ्या. त्यांच्या भिंतींत सेल्युलोजचे लांबच लांब रेणू, तेही बहुतांशी त्याच दिशेने ताणलेले. पेशी एकमेकींना चिकटून राहतात त्या लिग्निनमुळे. सेल्युलोजचा धागा तोडायला प्रचंड जोर लागतो. दोन धागे एकमेकांपासून सोडवायला मात्र त्या मानाने फारच थोडा. ओढून तोडायचं म्हटलं तर लाकूड रेषेच्या, म्हणजे या उभ्या पेशींच्या (तंतूंच्या), दिशेने आडव्या दिशेपेक्षा वीसपट मजबूत सहज भरतं. चिकोडी-संकेश्वरकडच्या वाचकांनी उसाची मोळी डोळ्यांसमोर आणावी. बांधलेला पाला सोडला की ऊस हाताने सुटे होतात. तीच मोळी मधून आडवी तोडायची तर प्रत्येक उसावर कोयता चालवावा लागतो.

आता करवतीकडे येऊ. कपाटासाठी दोन तऱ्हेचे काप लागतात. बारा इंची फळीची दहा इंची करायची तर ती रेषेच्या बाजूने चिरावी लागते. लांब फळीतून तीन फुटांचा तुकडा पाडायचा तर रेषेला आडवं कापावं लागतं. या दोन कामांना दोन वेगळे दात लागतात, आणि सगळी गंमत इथेच आहे.

चिरायच्या करवतीचा दात घासताना कानस पात्याशी काटकोनात धरतात. त्यामुळे दाताच्या टोकाला इवल्याशा पटाशीसारखी सपाट धार येते. चीर पुढे सरकते तेव्हा तिच्या तोंडाशी तंतूंची कापलेली टोकं असतात. दात वरून खाली येतो आणि या टोकांचा एक पातळ थर तासून नेतो. धार तंतूंना आडवी पडते, म्हणून तंतू स्वच्छ तुटतात. चिरीच्या दोन्ही भिंतींशी मात्र काही तोडावंच लागत नाही. तिथे तंतू शेजाऱ्यापासून नुसता सुटतो. कठीण काम धारेने केलं, सोपं काम लाकडाने स्वतःच केलं.

हाच दात आडव्या कापाला लावून बघा. आता तंतू चिरीच्या एका भिंतीतून निघून समोरच्या भिंतीत घुसलेले असतात, आणि दाताची सपाट धार त्यांना समांतर असते. ती तंतू कापत नाही, उचलते. उचललेला तंतू भिंतीच्या आत कुठूनतरी उपटून येतो आणि कडेला कुसळं निघतात. कितीही जोर लावा, फरक पडत नाही, कारण चूक जोराची नाहीच, दिशेची आहे.

म्हणून आडव्या कापाच्या करवतीचे दात कानस तिरपी धरून घासतात, एक दात या अंगाला तर पुढचा त्या अंगाला. टोकं चाकूच्या टोकासारखी होतात. डावीकडे मुरडलेला दात चिरीच्या डाव्या भिंतीशी तंतू तोडतो, उजवीकडचा उजव्या भिंतीशी. एकच तंतू दोन ठिकाणी तुटला की मधला तुकडा धरून ठेवायला काही उरत नाही, तो भुसा होऊन बाहेर पडतो. दात असे दोन्हीकडे किंचित मुरडलेले असल्यामुळे चीर पात्यापेक्षा रुंद पडते आणि पातं लाकडात आवळलं जात नाही.

दातांची संख्याही इथूनच ठरते. चिरताना भुसा जास्त निघतो आणि तो बाहेर पडेपर्यंत दोन दातांमधल्या खाचेत मावायला हवा. खाच भरली की दात लाकडाला टेकतच नाही, करवत नुसती घसरत राहते. त्यामुळे चिरायच्या हातकरवतीला इंचाला ५-६ दात असतात, आडव्या कापाच्या करवतीला ८-१०. यंत्राच्या गोल पात्यांतही हाच हिशेब: दहा इंची पात्याला चिरण्यासाठी साधारण २४ दात, आडव्या कापासाठी ६० ते ८०. 'जास्त दात म्हणजे भारी पातं' असं सांगणारा दुकानदार निम्मंच खरं सांगत असतो.

खडेबाजारातल्या हार्डवेअरच्या दुकानात करवत मागितली, तर बहुधा प्लास्टिकच्या मुठीची आणि दातांची टोकं निळसर-काळी असलेली करवत पुढे येते. ती टोकं विद्युत प्रवर्तनाने क्षणात लालबुंद तापवून झटकन थंड केलेली असतात. ती इतकी कडक होतात की कानस त्यांच्यावरून नुसती घसरते. म्हणजे धार बरेच दिवस टिकते, पण एकदा गेली की गेलीच. अशा करवतींचे दात मुख्यतः आडव्या कापाच्या घाटाचे असतात. माझा सल्ला: हीच एक करवत घ्या आणि चिरायचं काम घरी करूच नका. वखारीतून फळ्या मशीनवर हव्या त्या रुंदीत चिरून, रंधून आणा. हातकरवतीने सहा फूट सागवान सरळ चिरणं हा हौशी माणसाचा हुरूप मोडायचा खात्रीचा मार्ग आहे.

हल्ली ओढून कापायच्या जपानी करवतींचं फार कौतुक चालतं. त्यामागचं शास्त्र खरं आहे, आणि ते अडीचशे वर्षांहून जुनं आहे. पातळ पट्टी टोकाकडून दाबली तर एका ठरावीक भारानंतर ती अचानक बाकते. हा भार किती, ते लिओनार्ड ऑयलर (१७०७-१७८३) या गणितज्ञाने काढलं: तो पट्टीच्या लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात आणि जाडीच्या घनाच्या सम प्रमाणात असतो. जाडी निम्मी केली तर पट्टी आठव्या हिश्श्याच्या भारालाच बाकते. ढकलून कापायची करवत दाबाखाली असते, म्हणून तिचं पातं जाड ठेवावं लागतं. ओढायची करवत ताणाखाली असते, आणि ताणाखाली बाक येण्याचा प्रश्नच नाही, म्हणून पातं निम्म्या जाडीचं चालतं. चीर अरुंद, भुसा कमी, मेहनत कमी. पण तिचे दात बारीक आणि ठिसूळ असतात, जून सागवानाच्या गाठीवर तुटतात. ढकलायच्या करवतीतही पातळ पातं हवं असेल तर पाठीवर लोखंडी किंवा पितळी पट्टी बसवतात. तो ऑयलरवरचाच दुसरा उतारा.

इतकं डोक्यावरून गेलं असेल तर वरचा परिच्छेद सोडून पुढे या, कपाट अडणार नाही.

फळ्या उभ्या बाजूंना जोडायच्या कशा? नुसते स्क्रू मारू नका. आडव्या फळीच्या टोकातून स्क्रू आत जातो तेव्हा तो तंतूंना समांतर शिरतो. त्याचे आटे तंतूंचे छोटे छोटे तुकडे करतात आणि पकड ढिली राहते. त्यापेक्षा उभ्या बाजूत फळीच्या जाडीइतकी रुंद आडवी खाच पाडा. खोली बाजूच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी पुरे, १८ मिलिमीटरला ६. मग पुस्तकांचं ओझं लाकूड लाकडावर पेलतं. खाच पाडताना एक सरळ पट्टी क्लॅम्पने आवळून तिच्या आधाराने दोन काप घ्यायचे आणि मधलं लाकूड पटाशीने उचलायचं. नीट पाहिलंत तर करवतीचे तिरपे दात भुशाच्या कणाएवढ्या आकारात जे करतात, तेच आपण इथे पाऊण इंचात करतो.

पटाशी पाऊण इंची, एकच पुरे. पण तिच्यासोबत धार लावायचा दगड घ्यायलाच हवा. सागवानाच्या एका तंतूपेशीची रुंदी २०-२५ मायक्रॉन असते. धारेची गोलाई त्याच्या आसपास पोचली की पटाशी पेशी कापत नाही, चिरडते. हे पाहायला सूक्ष्मदर्शक लागत नाही. फळीच्या टोकाचा पातळ काप धारदार पटाशीने घ्या: सागवानाच्या जलवाहिन्यांची भोकं वर्तुळांच्या ओळींत मोकळी दिसतात. बोथट पटाशीने घ्या: भोकं बुजलेली, पृष्ठभाग सारवल्यासारखा. त्यातून सागवानात सिलिका असते, म्हणजे वाळूचंच द्रव्य, त्यामुळे धार लवकर जाते. नव्या पटाशीलाही कारखान्यातून कामाची धार क्वचितच येते.

आपल्याकडे खंडेनवमीला हत्यारांना हळदकुंकू वाहतात. कानडी बडिगेर असोत की आपले सुतार मेस्त्री, त्या दिवशी कुणी करवतीला हात लावत नाही. वर्षातून एकदा हत्यारांना सुट्टी मिळते, चांगलंच आहे. पण ओलं कुंकू पात्यावर तसंच ठेवलं की दमट हवेत नेमकं त्या ठिपक्याखाली गंज धरतो. पूजेनंतर पुसून तेलाचं बोट फिरवलं तर देवी रागावणार नाही.

कपाट प्लायवुडचं करणार असाल तर दिशेचा सगळा हिशेब बदलतो, कारण त्यातला प्रत्येक थर मागच्याला आडवा चिकटवलेला असतो. प्रत्येक कापात निम्मे थर चिरले जातात आणि निम्मे आडवे तुटतात. बारीक दात घ्या, कापाच्या रेघेवर चिकटपट्टी लावा. दुकानातूनच मापात कापून आणलं तर आणखी उत्तम. मात्र फरशी कापायच्या मार्बल कटरला लाकडाचं पातं लावून घरी प्लाय कापायचा उद्योग नवख्याने करू नये. ४ इंचांच्या थोडं वरचं, ११० मिलिमीटरचं पातं मिनिटाला सुमारे १२,००० फेरे घेतं, म्हणजे त्याच्या कडेचा वेग ताशी २५० किलोमीटर होतो. कापलेलं लाकूड मिटून पात्याला आवळलं तर मागचे दात यंत्र उचलून तुमच्याच दिशेने फेकतात. टेबलात बसवलेल्या मोठ्या गोल करवतीत (टेबल सॉ) हे टाळायला पात्यामागे एक पाचर असते, मार्बल कटरला ती नसते.

ड्रिल हवं, आणि बॅटरीवरचं सोयीचं पडतं. वीज कधी जाईल सांगता येत नाही. पण डब्यावरच्या आकड्यांना भुलू नका. लिथियमच्या एका सेलचा दाब सरासरी ३.६ व्होल्ट आणि पूर्ण भरल्यावर ४.२. पाच सेल जोडले की सरासरीने १८ आणि भरल्यावर २१. म्हणजे '१८ व्होल्ट' आणि '२१ व्होल्ट' हे पुष्कळदा एकाच बॅटरीचे दोन आकडे असतात. काही डब्यांवर तर ४८ आणि ८८ छापलेलं असतं. ८८ व्होल्टसाठी किमान २१ सेल लागतील, त्यांचंच वजन किलोभर होईल. हातात तळहाताएवढी बॅटरी घेऊन दुकानदाराला विचारा, बाकीचे सेल कुठे ठेवलेत?

गुण्या घेताना तपासूनच घ्या. सरळ कडेला टेकवून रेघ मारा, गुण्या उलटा करा, त्याच बिंदूपासून पुन्हा रेघ मारा. दोन रेघांतलं अंतर म्हणजे गुण्याच्या चुकीची दुप्पट. चार-सहा क्लॅम्प, एक टेप, एक गुण्या, झालं. सगळ्या फळ्या एकाच लांबीच्या हव्यात तर प्रत्येक वेळी टेप लावू नका, पहिली फळी माप म्हणून धरा. आणि फळीची लांबी दोन फुटांच्या वर नेऊ नका: सारख्याच दाटीने पुस्तकं लावली तर मधला झोळ लांबीच्या चौथ्या घातात वाढतो, म्हणजे तीन फुटांची फळी दोन फुटांच्या पाचपट झुकते.

शेवटचं हत्यार तुमच्या स्वयंपाकघरात आहे: वजनकाटा. आपल्या जिल्ह्यात एका टोकाला कणकुंबीचा मुसळधार पाऊस, दुसऱ्या टोकाला अथणीची कोरडी हवा. आर्द्रता ८५ टक्क्यांवर राहिली तर लाकडातलं पाणी त्याच्या सुक्या वजनाच्या १८ टक्क्यांच्या आसपास स्थिरावतं. ५० टक्क्यांवर राहिली तर ९ टक्क्यांच्या. घरातली फळी ही दोन्ही टोकं गाठत नाही, म्हणून ६ टक्क्यांचा फरक धरू. तेवढ्यात एक फूट रुंदीची सागवानी फळी रुंदीत सुमारे ३ मिलिमीटर, म्हणजे सुताराच्या भाषेत एक सूत, कमी-जास्त होते. लांबीत मात्र जवळजवळ काहीच फरक नाही, कारण पाणी पेशींच्या भिंतींत सेल्युलोजच्या धाग्यांमधे शिरतं आणि त्यांना बाजूला सारतं. म्हणून खानापूरच्या वखारीतून फळ्या पावसाळ्यात आणल्या तर लगेच कापू नका. घरात, मधे काठ्या घालून रचा. एक तुकडा बाजूला काढून आठवड्याला त्याचं वजन लिहून ठेवा. ते उतरायचं थांबलं की करवत हातात घ्या.

आणि कपाट कुठल्या दिशेला ठेवायचं हे वास्तूवाल्यांना विचारायच्या आधी पश्चिमेच्या भिंतीला हात लावून बघा. आपल्याकडचा पाऊस त्याच अंगाने झोडपतो. भिंत ओल धरत असेल तर कपाट तिथून हलवा. जागाच नसेल तर मागे दोन बोटं मोकळी सोडा, आणि मागची फळी फेविकॉलने न चिकटवता मधोमध एका ओळीत खिळे मारून बसवा, म्हणजे ती दोन्ही बाजूंना मोकळेपणी फुगेल.