प्रवेश विनामूल्य, सर्वांसाठी खुला

पुण्याच्या वर्तमानपत्रांत आतल्या पानावर शहरातल्या कार्यक्रमांचा एक रकाना असतो, बारीक टायपातला. कुणाचं व्याख्यान, कुठे चित्रप्रदर्शन, नारद मंदिरात कीर्तन, रविवारी सकाळी वाड्यांची फेरी. ओळीच्या शेवटी बहुतेक वेळा दोन शब्द असतात : प्रवेश विनामूल्य. कधी त्यांच्या जोडीला आणखी दोन : सर्वांसाठी खुला. आपण हे एका दमात वाचून जातो, जणू दोन्हींचा अर्थ एकच. या शहरात मात्र पहिले दोन शब्द फार जुने आहेत, आणि दुसऱ्या दोनांसाठी लोकांना भांडावं लागलं आहे.

पेशवाईत श्रावणात पर्वतीच्या पायथ्याच्या रमण्यावर, म्हणजे कुंपण घातलेल्या मैदानावर, दक्षिणा वाटली जायची. देशभरातून विद्वान यायचे, परीक्षा व्हायची, पैसे सरकारी खजिन्यातून जायचे. विद्येवर सार्वजनिक खर्च करण्याची पुण्याची सवय तिथून आली, पण त्या रमण्यात शिरायला ब्राह्मणच असावं लागे. १८१८ नंतर इंग्रजांनी ही रक्कम एकदम बंद केली नाही. १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली, ती याच परंपरेची पुढची पायरी. पुढे शतकाच्या मध्यावर काही तरुण सुधारकांनी सरकारकडे अर्ज केला, की या दक्षिणेतला काही भाग मराठीत चांगली पुस्तकं लिहिणाऱ्यांना द्यावा. शहरात केवढी खळबळ उडाली! अर्जदारांना मारहाण होईल अशी हवा झाली, तेव्हा जोतीराव फुले आपली माणसं घेऊन त्यांच्या पाठीशी उभे राहिले. दक्षिणा प्राइज कमिटी निघाली ती या भांडणानंतर. रमण्यावरचा पैसा मराठी वाचणाऱ्या कुणाच्याही उपयोगी पडावा, एवढंच त्या अर्जाचं मागणं होतं.

१८४८ हे साल या दृष्टीनं मला फार महत्त्वाचं वाटतं. त्या वर्षी पुण्यात नेटिव जनरल लायब्ररी सुरू झाली, आजचं पुणे नगर वाचन मंदिर. समाजसुधारक लोकहितवादी तिच्या कामात होते. त्याच वर्षी बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात फुल्यांनी मुलींची शाळा काढली. ग्रंथालयाचं शहरात कौतुक झालं आणि शाळेच्या वाटेवर सावित्रीबाईंच्या अंगावर शेण पडलं. भिडे वाडा आता नाही. अनेक वर्षं कोर्टात अडकून, खचत खचत, शेवटी राष्ट्रीय स्मारक बांधण्यासाठी डिसेंबर २०२३ मध्ये तो उतरवला. दगडूशेठ गणपतीसमोरच्या त्या जागेवरून रोज हजारो माणसं जातात.

पाण्याचंही तसंच. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून विटा-चुन्याच्या भुयारी नळानं पाणी शहरात आणलं गेलं. वाटेत हवा सुटावी आणि दाब सांभाळला जावा म्हणून बांधलेल्या मनोऱ्यांना ‘उच्छ्वास’ म्हणतात. किती नेमका शब्द आहे! गाळ अलीकडे बसावा, पाणी पुढे निवळत जावं आणि पेठांमधल्या हौदांत पडावं अशी सोय. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद ही नावं अजून पत्ता सांगताना तोंडात येतात. हौदावरचं पाणी फुकट होतं, पण घागर बुडवायची मुभा जातीवर ठरायची. १८६८ मध्ये फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. गंज पेठेतल्या त्यांच्या वाड्याच्या आवारात आजही तो दाखवतात. दोन-अडीच पुरुष लांब एवढासा हौद, आणि त्याच्या काठाशी शाळेची मुलं रांगेनं उभी असतात.

व्याख्यानं ऐकायची सवय पुण्याला कशी लागली, याचं उत्तर द्यायला कीर्तनापासून सुरुवात करावी लागते. देवळाच्या मंडपात बुवा उभे राहतात, पूर्वरंग-उत्तररंग होतो, शेवटी आरतीचं तबक फिरतं. ज्याला जमेल त्यानं टाकावं, न टाकणाऱ्याला कुणी उठवत नाही. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १८७१ मध्ये बदलून पुण्यात आले. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांनी आदल्याच वर्षी सार्वजनिक सभा स्थापन केली होती. १८७५ मध्ये वक्तृत्वोत्तेजक सभा आणि तिची वसंत व्याख्यानमाला सुरू झाली ती रानड्यांच्या पुढाकारानं. सुटीचे दिवस, उन्हं उतरलेली, विषय इतिहासापासून शेतीपर्यंत कुठलाही. कीर्तनातला देव बाजूला ठेवून बाकीची बैठक रानड्यांनी तशीच ठेवली, असं मला वाटतं : एक बोलणारा, समोर जमिनीवर शहर, आणि तिकीट नाही. माला अजून चालू आहे. टिळक स्मारक मंदिरात आजही उन्हाळ्यात संध्याकाळी पंख्याखालच्या खुर्च्या धरायला लोक अर्धा तास आधी येतात, आणि व्याख्यात्याचं एखादं साल चुकलं तर प्रश्नोत्तरांत कुणीतरी ते दुरुस्त करतंच.

त्याच १८७५ मध्ये दयानंद सरस्वतींची व्याख्यानं पुण्यात झाली. रानडे बोलावणाऱ्यांत होते. शेवटी त्यांची मिरवणूक निघाली, फुलेही तीत चालले. विरोधकांनी गाढवाची मिरवणूक काढून उत्तर दिलं आणि चिखलफेक झाली, शब्दशः. सभा सर्वांसाठी असली तरी शहर सर्वांसाठी नव्हतं, ते असं रस्त्यावर दिसलं. बायकांची गोष्ट तर आणखी अवघड. १८८२ मध्ये पंडिता रमाबाईंनी पुण्यात आर्य महिला समाज काढला, तेव्हा न्यायमूर्तींच्या पत्नी रमाबाई रानडे तिथे जाऊ लागल्या आणि घरातल्या बायकांचीच बोलणी त्यांना खावी लागली. सभेच्या दारावर कुणी अडवत नव्हतं. अडवणारं दार घरचं होतं.

सार्वजनिक गणेशोत्सवानं हे सगळं मांडवात आणलं. १८९२-९३ च्या सुमारास सुरू झालेल्या या उत्सवात मेळे, पोवाडे, व्याख्यानं होती, आणि पुढे आली ती सजावट. शहरातलं सगळ्यात मोठं कलाप्रदर्शन कोणतं, असं विचारलं तर मी भाद्रपदातले ते दहा दिवस सांगेन. तुळशीबागेच्या मांडवासाठी मूर्तिकार डी. एस. खटावकरांनी वर्षानुवर्षं उभी केलेली शिल्पं आणि महाल लाखो लोकांनी रस्त्यावर उभं राहून पाहिले. कलादालनाची पायरी कधीच न चढणारी माणसं खांद्यावर पोर घेऊन एका शिल्पासमोर दहा मिनिटं थांबतात, हे मी लहानपणापासून पाहत आले आहे.

इतिहासाच्या बाबतीत पुण्याचा वाटा वेगळा आहे, आणि तो मुख्यतः विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांमुळे. राजवाडे गावोगाव फिरले, माळे धुंडाळले, बुरसलेली दप्तरं सोडवली. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधनं’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला. त्या वेळी पेशवे दफ्तर, म्हणजे पेशव्यांच्या कारभाराचे कागद, सरकारच्या कुलपात होतं. तिथले कागद हवे तसे चाळण्याची परवानगी भल्याभल्या अभ्यासकांना मिळत नव्हती. इतिहासकार गो. स. सरदेसायांनी संपादलेले त्यातल्या निवडक कागदांचे ४५ खंड १९३० पासून निघाले, तोवर घरांतले कागद हाच आधार होता. राजवाडे आणि सरदार मेहेंदळे यांनी १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं ते या गरजेतून. मंडळाच्या पाक्षिक सभेत कुणाला मिळालेला एखादा कागद वाचायचा, टिपण मांडायचं, इतरांनी त्यावर शंका काढायच्या. कागद आणणारा प्राध्यापक असेलच असं नाही. एखादा वकील, एखादा जोशी, कुणाच्या घरच्या वतनाचा महजर, म्हणजे निवाड्याचा कागद. या सभांना मी स्थानिक इतिहासाची शाळा म्हणते, कारण पुरावा कसा तपासायचा हे तिथे चारचौघांसमोर घडायचं. जुन्या कागदांची मोडी लिपी वाचता येणारे थोडे होते, ही तिची मर्यादा. कागद मोठ्यानं वाचला गेला की ती थोडी तरी ओलांडली जायची.

वाड्यांच्या फेऱ्या, ज्यांना सगळे ‘हेरिटेज वॉक’ म्हणतात, या साखळीतल्या शेवटच्या. वारसा जपणाऱ्या इन्टॅक या संस्थेचं पुणे केंद्र, जनवाणी ही संस्था, महापालिका अशा अनेकांनी त्या चालवल्या, काही मोफत, काही माफक पैसे घेऊन. व्याख्यानच उठून चालायला लागलं, असं मला त्यांच्याबद्दल वाटतं. पण पुण्यात वास्तू दाखवायची म्हणजे बहुतेक वेळा नसलेली वास्तू दाखवायची. शनिवारवाड्याचंच पाहा. १० जानेवारी १७३० ला पायाभरणी, १७३२ मध्ये वास्तुशांत, खर्च १६,११० रुपये. १८२८ च्या आगीत लाकडी मजले गेले, उरली तटबंदी, दिल्ली दरवाजा, जोती आणि कारंज्याचे हौद. त्या जोत्यांवर उभं राहून इथे गणेश महाल होता, तिथे सात मजली इमारत होती, हे सांगणारं माणूस लागतं. १८७९ च्या आगीनं बुधवारवाडा नेला आणि विश्रामबागवाड्याचा पुढचा भाग जाळला. आज तिथला सुरूच्या खांबांचा सज्जा दुरुस्त होऊन उभा आहे, हे शहराचं नशीब.

बाकीचे वाडे आगीनं गेले नाहीत. भाडे नियंत्रण कायद्यानं भाडी गोठली, मालकाला कौल फिरवायला पैसे उरेनात, भाडेकरूला जागा सोडवेना. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठांतल्या पांढऱ्या मातीच्या भिंती बसल्या. नंतर आले इमारतींचे दिवस. आज फेरीत ‘दिंडी दरवाजा’, म्हणजे मोठ्या दारातलं लहान दार, म्हटलं की मुलं दरवाजा शोधतात आणि दिसतं पार्किंगचं शटर.

सोमवार पेठेतलं त्रिशुंड गणपतीचं देऊळ मात्र जसंच्या तसं आहे. नागझरीच्या काठी, गल्लीत दडलेलं, संपूर्ण काळ्या दगडाचं. भीमगिरजी गोसावी यांनी १७५४ मध्ये काम सुरू केलं. तीन सोंडांचा गणपती मोरावर बसलेला. शिलालेख संस्कृतात आणि फारसीत. दर्शनी भिंतीवर हत्ती, द्वारपाल, आणि एक गेंडा, साखळदंडानं बांधलेला, त्याला धरणारे इंग्रजी पोशाखातले शिपाई. हे शिल्प पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझी बोटं नकळत त्या साखळीच्या कड्यांवरून फिरली. कडी न् कडी वेगळी कोरली आहे.

गेल्या पावसाळ्याआधी मी आठ-दहा जणांना घेऊन तिथे गेले होते. मी अशा फेऱ्या हौसेनं करते, पैसे घेत नाही. त्याआधीच्या एका फेरीची सूचना दुसऱ्या एका गटानं फक्त इंग्रजीत काढली होती, नोंदणी एका लिंकवर. मी तेव्हा काही बोलले नाही, त्याची मला अजून रुखरुख आहे. त्या दिवशी देवळासमोरच्या घरातल्या आजी उंबऱ्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी गेंड्याबद्दल सांगत होते आणि त्या ऐकत होत्या. मी म्हटलं, “आजी, या ना इकडे.”

“मला चालतं का?” त्यांनी विचारलं. “किती वर्षं बघते, माणसं येतात, उभी राहतात, फोटो काढतात. मला वाटायचं, तुमच्यातलं काहीतरी असतं.”

त्यांनी सूप आत ठेवलं, पदराला हात पुसले आणि आल्या. रोज दर्शनाला येणारी बाई, पण भिंत त्यांनी अशी थांबून कधी पाहिली नव्हती. गेंड्याजवळ वाकून त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, “थांबा जरा, पोराला उठवते,” आणि नातवाला हाक मारत घरात गेल्या.