शाळेची फी भरून वळण विकत मिळतं का?

माझी मावसबहीण न्यू जर्सीत राहते. तिचा मुलगा नववीत जाणार होता, म्हणजे तिकडच्या हिशेबानं हायस्कुलात. घराजवळची सरकारी शाळा चांगली, फुकट, चालत जाण्याच्या अंतरावर. तरी बाईंच्या मनात भरली होती गाडीनं पस्तीस मिनिटांवरची कॅथलिक शाळा. घरात दीड दिवसाचा गणपती बसतो, श्रावणी सोमवार पाळले जातात, आणि पोरगा मात्र चार वर्षं रोज ख्रिस्ती प्रार्थना म्हणणार, धर्मशिक्षणाच्या विषयाची परीक्षा देणार. मी विचारलं तर म्हणाली, "धर्माचं सोड गं. तिथं पोरं बिघडत नाहीत."

या एका वाक्याचा कीस अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ आणि अर्थशास्त्रज्ञ चाळीस वर्षांहून जास्त काळ पाडताहेत. सुरुवात जेम्स कोलमन या समाजशास्त्रज्ञापासून धरू. १९६६ साली अमेरिकन सरकारसाठी त्यांनी एक अवाढव्य पाहणी केली होती. तिचं सार असं, की मूल शाळेत किती शिकतं हे शाळेच्या इमारतीपेक्षा, प्रयोगशाळेपेक्षा, ग्रंथालयापेक्षा त्याच्या घरावर जास्त ठरतं. गंमत म्हणजे पुढे हेच गृहस्थ कॅथलिक शाळांची बाजू मांडणारे म्हणून ओळखले गेले. १९८० साली अमेरिकेतल्या हजारावर हायस्कुलांमधल्या सुमारे ५८ हजार मुलांची पाहणी सुरू झाली. तिच्यात दहावी ते बारावीच्या दरम्यान शाळा सोडून देणारी मुलं सरकारी शाळांत १४.४ टक्के निघाली, इतर खासगी शाळांत ११.९ टक्के, आणि कॅथलिक शाळांत फक्त ३.४ टक्के.

मधला आकडा विसरू नका. नुसत्या फीनं काम भागत असतं, तर तो इतका वर राहिला नसता.

पण लगेच हुरळून जाण्यातही अर्थ नाही. देवगडच्या पेटीतला आंबा गोड लागला म्हणून ती गोडी पेटीनं आणली असं कुणी म्हणत नाही. पेटी भरतानाच फळ निवडलेलं असतं. जे आईबाप पदरमोड करून फी भरतात, लांबच्या शाळेत नेऊन सोडतात, प्रवेशासाठी खेटे घालतात, ते घरीही पोराच्या मागे असणारच. शिवाय खासगी शाळा नको तो विद्यार्थी काढून टाकू शकते, सरकारी शाळेला ती मुभा क्वचितच. म्हणजे "शाळा की घर?" असा सामना लावायचा म्हटलं, तर त्यातला एक पैलवान दुसऱ्याच्याच खांद्यावर बसून आखाड्यात उतरलेला असतो. शाळा निवडणं हे मुळात घरानंच केलेलं काम.

मग दोन्हींचा वाटा वेगळा काढायचा कसा? साधा मार्ग म्हणजे घरची परिस्थिती हिशेबात धरून पुन्हा मोजणं. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या रॉबर्ट पियांटा आणि आर्या अन्सारी यांनी २०१८ साली तेच केलं. जन्मापासून पंधराव्या वर्षापर्यंत नोंदी ठेवलेली १,०९७ मुलं त्यांच्या हाताशी होती. पंधराव्या वर्षी खासगी शाळेतली मुलं सरस दिसत होती. घरचं उत्पन्न आणि कुटुंबाची बाकीची परिस्थिती हिशेबात घेतली आणि तो सरसपणा विरघळून गेला. मात्र या अभ्यासात सगळ्या तऱ्हेच्या खासगी शाळा एकत्र होत्या, त्यामुळे माझ्या बहिणीच्या प्रश्नाला हे पुरतं उत्तर नव्हे.

तिच्या प्रश्नाच्या सगळ्यात जवळ जाणारा अभ्यास डेव्हिड फिग्लियो आणि जेन्स लुडविग या अर्थशास्त्रज्ञांचा, २०००चा. त्यांनी परीक्षेतले गुण सोडून मुलांचं वागणंच मोजायला घेतलं आणि त्यासाठी एक नामी युक्ती काढली. एखाद्या शहरात मुलाला लांबच्या शाळेत नेणं-आणणं सोपं असतं, तर दुसरीकडे रस्ते आणि वाहतूक अशी, की रोजचा जाच. अवघड शहरात खासगी शाळेत जाणारी मुलं कमी होणार. आता शहरातले रस्ते कसे आहेत याचा एखाद्या घरातल्या शिस्तीशी थेट संबंध नाही. तेव्हा निव्वळ रस्त्यांमुळे जी मुलं खासगी शाळेत गेली किंवा जायची राहिली, त्यांच्या वागण्यात फरक दिसला तर तो शाळेच्या खात्यावर मांडायला हरकत नाही. जाणत्या लोकांनी यातही खुसपटं काढली आहेत (ज्या शहरात रस्ते चांगले तिथं बाकीचंही बरंच काही चांगलं असू शकतं), पण कल्पना सुरेख आहे.

निकाल मात्र चमत्कारिक आला. धार्मिक खासगी शाळांतल्या मुलांमध्ये लैंगिक संबंध, पोलिसांनी अटक होणं आणि कोकेन घेणं यांचं प्रमाण कमी दिसलं. दारू, सिगारेट, गांजा आणि टोळीत सामील होणं यांत काहीच फरक नाही! आईबापांची झोप उडवणाऱ्या यादीतला अर्धा भाग शाळेला हललाच नाही. माझा आपला अंदाज असा, की सिगारेट आणि बिअर ही मित्राच्या घरी, त्याचे आईबाप बाहेर गेलेले असताना घडणारी गोष्ट आहे. शाळेची घंटा तिथवर ऐकू जात नाही. पुढे २००६ साली नाजी मोजान आणि एर्दल तेकिन यांनी वेगळ्या पाहणीतली, अनेक बाबतींत एकमेकांशी जुळणारी मुलं घेऊन तुलना केली. मुलींच्या बाबतीत कॅथलिक शाळेचा काही फायदा दिसला, मुलग्यांच्या बाबतीत तो दिसला नाही. "तिथं पोरं बिघडत नाहीत" असं सरसकट म्हणण्याजोगं हाती फार काही उरत नाही.

आणखी एक गोम आहे. हे सगळं वागणं मोजलं जातं ते मुलांनीच भरलेल्या प्रश्नावलीवरून. गेल्या महिन्यात दारू प्यालास का, या प्रश्नापुढे ज्याच्या शाळेत ते पाप मानतात तो मुलगा काय लिहील? अमेरिकेत लग्नाआधी शरीरसंबंध ठेवणार नाही अशी शपथ घेण्याची लाट आली होती. जेनेट रोझेनबॉम या संशोधिकेनं शपथ घेतलेली मुलं आणि इतर शंभरावर बाबतींत अगदी त्यांच्यासारखीच, पण शपथ न घेतलेली मुलं यांची पाच वर्षांनी तुलना केली. २००९ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांच्या वागण्यात फरक नव्हता. शपथवाले संततिनियमनाची साधनं मात्र कमी वापरत होते. आणि शपथ घेतलेल्यांपैकी ८२ टक्के जणांनी आपण अशी शपथ कधी घेतलीच नव्हती असं सांगितलं. प्रश्नावलीवर किती विसंबायचं ते यावरून ठरवा.

म्हणजे शाळा काहीच करत नाही? तसंही नाही. जोसेफ अल्टोंजी, टॉड एल्डर आणि क्रिस्तोफर टेबर यांनी २००५ साली प्रश्न उलटा विचारला. घरातल्या ज्या गोष्टी आपण मोजू शकत नाही, म्हणजे आईची चिकाटी, बापाचा शब्द, मुलाचा मूळ स्वभाव, त्यांचा जोर किती असला तर शाळेचा सगळा फायदा खोटा ठरेल? मोजता येणाऱ्या गोष्टींचा जोर समोर होताच, त्याच्याशी त्यांनी हे ताडून पाहिलं. परीक्षेतल्या गुणांवर कॅथलिक हायस्कुलाचा म्हणावा असा प्रभाव त्यांना दिसला नाही. पण शाळा पूर्ण करण्याच्या बाबतीत फरक एवढा मोठा होता, की सगळं श्रेय घराला देऊन मोकळं होणं कठीण गेलं. पोराला वर्गात टिकवून धरणारं काहीतरी तिथं आहे.

ते काय असावं, याचं कोलमन यांनी दिलेलं उत्तर मला आजही सगळ्यात पटतं, आणि त्यात प्रार्थनेचा वाटा थोडा आहे. १९८८च्या एका गाजलेल्या निबंधात ते एका आईची गोष्ट सांगतात. सहा मुलांची ही आई अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या उपनगरातून जेरुसलेमला राहायला गेली. तिथं आठ वर्षांचं पोर सहा वर्षांच्या भावंडाला घेऊन शहराच्या बसनं एकटं शाळेत जाऊ लागलं, पोरं बागेत मोठ्या माणसाशिवाय खेळू लागली. अमेरिकेत तिला हे जमलं नसतं. बाई तीच, घरातली शिस्त तीच. फरक इतकाच, की जेरुसलेममध्ये आसपासची मोठी माणसं दुसऱ्याच्या पोरावरही नजर ठेवायची.

कोलमन यांचं म्हणणं, कॅथलिक शाळेतही हेच घडतं. तुमचा मुलगा आणि त्याचा मित्र रोज भेटतात, ते तर कुठल्याही शाळेत भेटतात. पण इथं दोघांचे आईबापही दर रविवारी एकाच चर्चमध्ये भेटतात. वर्तुळ पुरं होतं. कोण कुणाबरोबर दिसला, कुणाच्या घरी रात्री अकराला दिवे होते, हे शाळेच्या शिपायाशिवायही आईच्या कानी येतं. गिरगावातल्या चाळीत वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. "काय रे, सांगू का बाबांना?" एवढं म्हणण्याचा हक्क तिथं तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनाही होता. समाजशास्त्रात याला सामाजिक भांडवल असं जड नाव आहे.

इथं आपल्याकडच्या कॉन्व्हेंटची आठवण होणं साहजिक आहे. पण पुण्या-मुंबईच्या बहुतेक कॉन्व्हेंटांमध्ये वर्गातली बरीचशी मुलं ख्रिस्ती नसतात, त्यांचे आईबाप रविवारी एकमेकांना भेटत नाहीत. शिस्त, गणवेश, इंग्रजी, सगळं आहे. कोलमन ज्याला कारण समजत होते तो धागाच नाही. आहे तो पालकांचा व्हॉट्सअॅप ग्रुप, आणि त्यावर "उद्या पांढरे मोजे की काळे?" यापलीकडे गाडी जात नाही.

धागा खरोखर धर्माचा नसून ओळखीचा असेल, तर तो धर्माशिवायही विणता यायला हवा. आइसलँडनं तो विणून पाहिला. १९९८ साली तिथल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के गेल्या महिन्यात एकदा तरी दारू पिऊन तर्र झाली होती. २०१६ साली हे प्रमाण ५ टक्क्यांवर आलं. रोज सिगारेट ओढणारी २३ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आली. शाळा बदलल्या नाहीत. तिथली जवळजवळ सगळी मुलं सरकारी शाळांत जातात. बदललं ते शाळा सुटल्यानंतरचं जग. तेरा ते सोळा वर्षांच्या मुलांनी हिवाळ्यात रात्री दहानंतर एकटं बाहेर राहायचं नाही असा कायदा झाला. खेळ आणि संगीताच्या शिकवण्यांना पैसे मिळाले. आणि एकेका वस्तीतल्या पालकांनी आपसात लेखी ठराव केले: माझ्या घरी तुमच्या पोराला दारू मिळणार नाही, तुमच्या घरी माझ्या पोराला नाही. शनिवार-रविवारी रात्री हे पालक मिळून गल्लीतून फेरी मारायचे. "सगळ्यांना परवानगी आहे, मलाच नाही" हा पोरांचा हुकमाचा एक्का तिथं चालेनासा झाला, कारण सगळ्यांच्या आया एकमेकींना ओळखत होत्या. अर्थात याच काळात युरोपातल्या इतर देशांतही मुलांचं पिणं कमी झालं, तेव्हा सगळं श्रेय पालकांच्या फेरीला देता येत नाही. पण उतार इतका तीव्र, की त्याकडे कानाडोळाही करवत नाही.

आता घराच्या बाजूनं बोलणाऱ्यांचीही थोडी झडती घेऊ. डायना बॉमरिंड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९६०च्या दशकात पालकांचे तीन प्रकार मांडले: धाकदपटशा करणारे, मोकाट सोडणारे, आणि माया करून नियमही पाळायला लावणारे. तिसऱ्यांची मुलं बरी निघतात हे तेव्हापासून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. पण इथंही पेटी आणि आंब्याचा घोटाळा आहेच. आईबाप मुलाला वळणाबरोबर आपली जनुकंही देतात. शिवाय शांत, ऐकणाऱ्या मुलाशी मायेनं वागणं कुणालाही जमतं. ते मूलच आईबापाला चांगले पालक बनवत असतं.

हे उलटं नातं स्वीडनमध्ये फार छान उघड झालं. मुलांवर नजर ठेवणाऱ्या पालकांची मुलं कमी वाया जातात, असं संशोधक वर्षानुवर्षं लिहीत होते. हाकन स्टाटिन आणि मार्गारेट केर यांनी २००० साली विचारलं, की तुम्ही "नजर" मोजलीत कशी? तर आईबापाला मुलाचं किती माहीत आहे, ते विचारून. मग त्या दोघांनी १४ वर्षांची ७०३ मुलं आणि त्यांचे पालक घेतले, आणि ही माहिती घरात येते कुठून ते तपासलं: आईबाप विचारतात म्हणून, नियम घालून कळवायला लावतात म्हणून, की मुलं आपणहून सांगतात म्हणून? सर्वांत जास्त माहिती मुलांनी आपणहून सांगितलेली होती. आणि बऱ्या वागणुकीशी सगळ्यात घट्ट जोडलेली गोष्टही तीच निघाली. ज्याला आपण इतकी वर्षं आईबापाची नजर म्हणत होतो, ती बरीचशी पोराची बडबड होती.

हे सगळं मी बहिणीला फोनवर सांगितलं. तासभर ऐकून घेतलं बिचारीनं, आणि शेवटी कॅथलिक शाळेतच घातलं त्याला. शाळेची बस त्यांच्या बाजूला येत नाही, त्यामुळे सकाळी तीच सोडते, पस्तीस मिनिटं. पहिले काही दिवस कानात बोळे घालून बसायचा म्हणे. ऑक्टोबरात एकदा त्याच्या फोनची बॅटरी संपली होती, तेव्हा सिग्नलला थांबलेले असताना बोलू लागला: लॉकररूममध्ये कोण काय ओढतं, कुणाच्या घरी शनिवारी कोण जमणार आहेत, तो का गेला नाही. ती काही बोलली नाही, समोर रस्त्याकडे बघत राहिली. आता रोज बोलतो. मला म्हणाली, "बघ, शाळेनं सुधारला की नाही?"